एक हात डिस्टेंपर

मी नानांच्या भिंतीला रंग दिला. ते गावाला गेले होते, घराची किल्ली माझ्याकडे होती आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. पांढरा डिस्टेंपर, एक हात. सकाळी नऊला सुरू केलं, दुपारी एकला संपवलं. आयुष्यात मी सलग चार तास मन लावून काम केल्याचा हा एकच प्रसंग, आणि तो असा.

आता भिंतीला रंग देणं हा काही गुन्हा नाही. दिवाळीच्या तोंडावर निम्मं जळगाव तेच करत असतं. पण ती भिंत नानांची होती, आणि नाना म्हणजे काय प्रकरण होतं हे सांगितल्याशिवाय माझ्या मूर्खपणाला न्याय मिळणार नाही. तेव्हा आधी नाना.

नाना माझे घरमालक. मेहरूणच्या बाजूला त्यांचं बैठं घर आणि गच्चीला लागून वर एक खोली. मी बदली होऊन आलेला सडाफटिंग कारकून, ती खोली बघायला गेलो. नोकरी कुठे, जेवणाची सोय काय, पाहुणे किती येतात, घरमालक जे विचारतात त्यातलं त्यांनी एक अक्षर विचारलं नाही.

"भाऊ, तू वाचतोस का?" ते म्हणाले.

"वाचतो."

"बसून की पडून?"

"पडून."

"कोणत्या कुशीवर?"

मी चुकीच्या घरात आलो की काय म्हणून दारावरची पाटी पुन्हा पाहिली. डावी कूस, मी म्हणालो. नाना स्टुलावर चढले, छताच्या मधोमध असलेली ट्यूब काढली, काखेत मारली आणि खाली निघून गेले. नव्या खोलीतली माझी पहिली संध्याकाळ मी काळोखात, गुंडाळलेल्या गादीवर, स्वतःच्या डाव्या कुशीचा विचार करत काढली.

अर्ध्या तासाने ते हातात पांढऱ्या पीव्हीसी पाइपाचा हातभर तुकडा घेऊन आले. त्यातून वायर लोंबत होती आणि अंगभर बारीक भोकं होती. तो त्यांनी खाटेच्या डोक्याशी, जमिनीवर, भिंतीकडे वळवून उभा केला आणि बटण दाबलं. भिंतीवर कडुनिंबाची फांदी उमटली. खरी वाटावी अशी, पानापानांची, उजेडाची. पाइप मात्र दिसतच नव्हता. तो खाटेमागे दडून बसला होता.

"दिवा दिसला की चुकला," नाना म्हणाले. "उजेड दिसला पाहिजे."

आणि दारातून जाता जाता, "आंधारं थोडं शिल्लक ठेवत जाय भाऊ. बठ्ठं संपाडू नको."

नाना मूळचे चोपड्याकडचे. शहरात ते शहरासारखं बोलत, पण खूश झाले किंवा चिडले की अहिराणीवर येत. त्यामुळे त्यांच्या मनात काय आहे हे चेहऱ्यापेक्षा भाषेवरून लवकर कळे.

एमआयडीसीतल्या एका पाइप कारखान्यात त्यांनी उभी नोकरी काढली होती. काम काय, तर मशीनमधून निघालेल्या पाइपावरून तळहात फिरवायचा. केसाएवढा चरा असला तरी हाताला लागायचा, की तो पाइप बाजूला. डोळ्यांनी बघायची गरजच नाही. "डोया फसतस," ते म्हणत, "हात नई फसत." बाजूला काढलेल्या पाइपांचे तुकडे ते निवृत्त होताना सायकलवरून घरी घेऊन आले होते. कोणी घड्याळ घेऊन निवृत्त होतो, नाना भंगार घेऊन झाले.

त्या भंगारातून त्यांनी घरभर दिवे केले. तुळशीच्या मागे एक, माठाच्या तिवईखाली एक, देवळीत एक, चपलांच्या फळीखाली एक. छताला एकही नाही. खोलीच्या मधोमध दिवा टांगणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत होतं की त्याला घर आणि पोलीस चौकी यातला फरक कळत नाही.

आणि या दिव्यांना ते हंगामाप्रमाणे कपडे घालत. खरंच सांगतो. त्यांचा शब्द "झबलं". चैत्र लागला की बल्बाला पतंगाच्या हिरव्या कागदाचं झबलं आणि सगळे दिवे जमिनीवर. कारण उन्हाळ्यात उजेड डोक्यावर आला की माणसाला आणखी उकडतं, असं त्यांचं शास्त्र. पावसाळ्यात दिव्यावर बांबूची टोपली पालथी, म्हणजे घरभर जाळीजाळीची सावली. थंडीत केळीच्या वाळक्या सोपटाच्या पट्ट्या विणून केलेलं झबलं. त्यातून गुळाच्या पाकासारखा उजेड यायचा, आणि भरीत-भाकरी घेऊन त्या उजेडात बसलं की थंडी आपल्यासाठीच पडली आहे असं वाटायचं. भुलाबाईच्या महिन्यात ज्वारीची धाटं बांधून मखर, दिवा मखराच्या मागे. भिंतीवर अख्खं शेत उभं राही. गल्लीतल्या मुली गाणी म्हणायला आल्या की आधी त्या भिंतीसमोर उभ्या राहून आपापली सावली शेतात घुसवून घेत.

आता अशा माणसाच्या डोक्यावर मी राहत होतो, आणि माझ्याकडे मोबाइल होता. मोबाइलवर "घर उबदार कसं करावं" याचे व्हिडिओ असतात. त्यात एक बाई आठ मिनिटांत रिकाम्या बरण्यांचं नंदनवन करते. मी बरणीत छोट्या दिव्यांची माळ कोंबली. बरणी आदल्या दिवशीपर्यंत गुळाची होती. तासाभरात माळेपेक्षा मुंग्या जास्त झाल्या. मग निळी एलईडी पट्टी आणून खिडकीभोवती चिकटवली. नाना वर आले, दारातच थांबले.

"हाई काय शे? डास मारायचं मशीन?"

"नाना, वातावरणनिर्मिती आहे."

"कोणाची? शीतपेटीची?"

तिसरा प्रयोग सोपटाचा. नानांचं पाहून मीही झबलं विणलं, पण एलईडीऐवजी माळ्यावर सापडलेला जुना पिवळा शंभरचा बल्ब लावला आणि अंघोळीला गेलो. बाहेर आलो तेव्हा खोलीत होळीचा वास होता. नानांनी काळी पडलेली पट्टी नाकाशी धरली आणि एवढंच विचारलं, "अंघोळ रोज करतोस का?" रोज, मी म्हणालो. "मग दिवे लावू नको. एकच काहीतरी कर."

दुसऱ्यांच्या घरी गेले तरी त्यांना राहवत नसे. एकदा नशिराबादला त्यांच्या जुन्या सोबत्याच्या मुलीच्या हळदीला आम्ही गेलो. मांडवात चार हॅलोजन, सरळ तोंडावर. नवरी डोळे मिटून बसलेली, तिची हळद घामाने गळतेय. नाना शांतपणे उठले आणि एकेका हॅलोजनचं तोंड मांडवाच्या पांढऱ्या कापडाकडे फिरवू लागले. फोटोग्राफर धावून आला. "बाबा, माझे फोटो काळे येतील!" नाना म्हणाले, "तू फोटो काढायला आलास का चौकशीला?" भांडण पेटणार, तेवढ्यात नवरीची आई म्हणाली, "राहू द्या हो. माझ्या पोरीने डोळे उघडले." खरंच उघडले होते. कापडावरून परतलेल्या उजेडात सगळा मांडव मऊ झाला होता. चौथा हॅलोजन मी फिरवला. उघड्या हाताने. तो चार तासांपासून चालू होता हे नंतर लक्षात आलं. त्या दिवशीची जिलबी मी डाव्या हाताने खाल्ली.

या सगळ्या प्रकाशात एक काळी जागा होती. अक्का.

अक्का म्हणजे नानांच्या पत्नी. मी राहायला आलो तेव्हा त्या होत्या, आणि पहिले काही महिने मला दुपारच्याला हाक मारून ताक द्यायच्या. नानांचे दिवे त्यांना आवडत नव्हते असं नाही, पण स्वयंपाकघरात त्यांना ट्यूब हवी होती. साधी, पांढरी, छताला. नाना म्हणत, करतो काहीतरी. आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी त्यांनी काहीतरी केलं: ओट्यावर नवा पाइप उभा केला, बारीक भोकांचा, भिंतीवर आंब्याचा घड पडेल असा. घड पडला. पण भिंतीवर पडायच्या आधी त्याचा अर्धा भाग अक्कांच्या पुढ्यातल्या परातीत पडला. त्या डाळ निवडत होत्या.

मी तेव्हा जिन्यात होतो. ऐकू आलं ते असं:

"अहो, यात खडा कोणता आन् उजेड कोणता?"

"हलवून बघ. जो हलेल तो खडा."

परातीत डाळ खळखळली. मग परात खाली ठेवल्याचा आवाज. जरा जोरात.

"ज्या घरात बाईला डाळ दिसत नाही त्या घरात बाई पण दिसायची नाही," अक्का म्हणाल्या, आणि आखाजी झाल्यावर तिसऱ्या दिवशी धुळ्याला मुलाकडे निघून गेल्या. ट्यूब लागेपर्यंत येणार नाही, असा निरोप ठेवून. नानांनी ट्यूब लावली नाही. अक्कांनी फोन केला नाही. नानांनीही केला नाही. मुलगा दोघांशीही वेगवेगळं बोलायचा आणि दोघंही त्याला एकच सांगायचे, "माझं काय अडलंय?"

अडलं होतं. मला दिसत होतं. नाना भाकरी एकच करायचे आणि तीही शिळी खायचे. दिवेलागणीला घरभर दिवे लावून दारापुढच्या ओट्यावर बसायचे आणि रस्त्याकडे बघायचे, धुळ्याची गाडी जणू त्यांच्या दारावरून जाते अशा थाटात. आणि आतल्या खोलीचं दार लावून तासन्‌तास काहीतरी करायचे.

ती आतली खोली हे माझं मोठं कुतूहल होतं. नवा दिवा तिथेच जन्माला यायचा आणि जन्म होताना कोणाला आत यायला बंदी. मला कळेना, या माणसाचा हात पान्यापकडीचा. सही करताना कागद फाटतो. त्याला कोयरी, वेल, झोका, पानाला पान इतकं सुबक जमतं कसं? एकदा मी खिडकीच्या फटीतून डोकावलो. नाना अंधारात भिंतीसमोर नुसते उभे होते, हातात दोऱ्याचं रीळ. वीस मिनिटं मी फटीला डोळा लावून होतो. वीस मिनिटं ते उभेच. शेवटी मलाच शिंक आली.

कोजागरी झाली आणि नाना दोन दिवस चोपड्याकडे भावाच्या शेतावर गेले, दिवाळीच्या मखरासाठी धाटं आणायला. किल्ली माझ्याकडे, तुळशीला पाणी घाल, बाकी कशाला हात लावू नको. मी पाणी घातलं. मग आतल्या खोलीत गेलो.

खोलीत काहीच नव्हतं. एक स्टूल, कोपऱ्यात पाइप, आणि समोरची मोठी भिंत. ती भिंत घाण होती. दुसरा शब्द नाही. खालपासून वरपर्यंत पेन्सिलीचे ठिपके, शेकड्यांनी, जागोजाग दोऱ्यांच्या गाठी चिकटलेल्या, अंगठ्यांचे तेलकट ठसे. मला वाटलं, बायको नाही, त्यामुळे घराकडे लक्ष नाही. बिचारा भिंतीला पेन्सिल टोचत बसतो. त्यात व्हिडिओवालीचं वाक्य आठवलं: प्रकाश खुलतो तो कोऱ्या भिंतीवर. म्हटलं, दिवाळीची भेट देऊ. घर स्वच्छ दिसलं तर कदाचित अक्काही येतील. मूर्खपणाला नेहमी चांगला हेतू लागतो. माझ्याकडे दोन होते.

पलीकडच्या गल्लीतल्या रंगारी चाचांकडून ब्रश आणला. त्यांनी न विचारता सल्ला दिला, "साहब, पानी कम डालना, और दो हाथ मारना. एक हाथ में दीवार सब बोल देती है." मी हो म्हणालो. पण डबा लहान होता आणि भिंत मोठी, म्हणून पाणी जरा वाढवलं. आणि एका हातानंतर माझेच दोन्ही हात गळून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाना धाटांची मोळी खांद्यावर घेऊन आले. मी दारातच उभा होतो, सत्काराची वाट बघणाऱ्या माणसासारखा.

"आत चला नाना. डोळे मिटा."

त्यांनी डोळे मिटले नाहीत. आत आले, भिंत पाहिली, आणि मोळी खांद्यावरून कधी घसरली हे त्यांनाच कळलं नसावं. मग पुढे झाले आणि भिंतीवर तळहात ठेवला. डावीकडून उजवीकडे हळूच फिरवला. थांबले. पुन्हा एकदा फिरवला.

"गयं," ते म्हणाले. "बठ्ठं गयं."

"काय गेलं, नाना?"

मग कळलं. ते ठिपके अक्कांचे होते. चैत्रापासून दिवाळीपर्यंत प्रत्येक सणाची रांगोळी अक्कांनी त्या भिंतीवर ठिपक्यांत मांडून ठेवली होती, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून भर घालत. नाना ठिपक्यापासून दिव्यापर्यंत दोरा ताणायचे, दोरा पाइपाला जिथे टेकेल तिथे खूण, आणि खुणेवर भोक. म्हणजे दिवा लावला की बरोबर त्या ठिपक्यावर उजेड.

"टिपका तिना, भोक मनं," नाना म्हणाले. "माले सरळ रेघ येत नाही रे. ती गेल्यापासून जुन्या टिपक्यांवर चाललं होतं. दिवाळीचा दिवा बाकी होता. एकोणीस ते दहाची रांगोळी. आता कशावर दोरा लावू?"

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी भिंत खरवडतो म्हणालो, धुतो म्हणालो, खोली सोडतो म्हणालो. नाना मोळी उचलून अंगणात गेले. त्या संध्याकाळी घरात एकही दिवा लागला नाही. दुसऱ्याही नाही. गल्लीतल्या बायका मला विचारायला लागल्या, "नानांचं बरं आहे ना?" तिसऱ्या संध्याकाळी मी खाली गेलो तर नाना काळोखात खुर्चीवर बसलेले, पाठ त्या खोलीकडे.

"नाना, काहीतरी सांगा. मी काय करू?"

"मी काय सांगस?" मग रस्त्याकडे बघत, "सकाळी साडेसातची धुळे गाडी रिकामी असते म्हणतात."

"मी जातो. मी अक्कांना आणतो."

"मी काही बोललो नाही," नाना म्हणाले.

साडेसातची गाडी गच्च भरलेली होती. एरंडोलपर्यंत उभा, पारोळ्यापर्यंत एका मांडीवर, आणि धुळ्यात उतरेपर्यंत मनातल्या मनात माफीची सहा भाषणं तयार.

मुलाचा फ्लॅट देवपूरकडे, नवाकोरा. छताला पांढरे गोल दिवे, मी मोजले, दिवाणखान्यात बारा. भर सकाळी सगळे चालू. त्यांच्याखाली अक्का डोळ्यांवर पदर घेऊन सोफ्यावर बसलेल्या.

"ये रे भाऊ. बस. चष्मा असला तर काढू नको, आंधळा होशील." त्यांनी पदर जरासा वर केला. "सूनबाईला हौस आहे. काय बोलणार? पापणी मिटली तरी आत लखलखाट. कपाटात जाऊन बसावंसं वाटतं."

सहा भाषणांपैकी एकही आठवलं नाही. मी म्हणालो, "अक्का, मी तुमच्या भिंतीला रंग दिला."

"कोणत्या?"

"आतल्या."

पदर खाली आला. मला वाटलं आता रडतील.

"किती हात दिले?"

मला प्रश्नच कळला नाही. "एक."

"एकच?"

"डबा लहान होता."

"आन् त्यांनी काय केलं? बघितल्यावर?"

"काही नाही. म्हणाले सगळं गेलं. त्याआधी भिंतीवरून हात फिरवला."

"हात फिरवला?"

"हो. दोनदा."

अक्कांनी तोंडाला पदर लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. म्हातारीला रडवलं. मी पाणी आणायला उठलो, तर त्या पदराआडून म्हणाल्या, "बस, बस. पिशवी भरते. पण ट्यूब लागल्याशिवाय मी उंबरा ओलांडायची नाही. ती तू घे, इथूनच. जळगावची त्यांच्या ओळखीच्या दुकानातली नको. पाइप बनवून ठेवतील तिचा."

परतीच्या गाडीत अक्का खिडकीशी, आणि मी चार फुटी ट्यूब दोन गुडघ्यांत उभी धरून. कंडक्टरने विचारलं, "हिचं तिकीट?"

घरी पोहोचलो तर दुपारचे चार. नाना अंगणात धाटं निवडत होते. सकाळी निवडून झालेलीच धाटं होती ती. मी जाताना पाहिली होती. त्यांनी मान वर केली.

"आलीस?"

"हो. तांदूळ कसे ठेवलेत ते बघायला आले," अक्का म्हणाल्या आणि ओट्यावर बसल्या. आत नाही.

मी ट्यूब लावायला घेतली. स्टूल डगमगायला लागलं आणि मग एकाएकी स्थिर झालं. खाली पाहिलं तर नानांनी ते दोन्ही हातांनी धरलं होतं, तोंड भिंतीकडे करून. ट्यूब लागली. स्वयंपाकघर असं पांढरंफटक झालं की कोळिष्टकंसुद्धा लाजली.

"दार लावून घेत जाईन," अक्का बाहेरून म्हणाल्या. "तुमच्या अंधारात उजेड सांडायची नाही."

"थोडा सांडला तरी चालेल," नाना म्हणाले.

अक्कांनी उंबरा ओलांडला. चहा झाला. मग दिवेलागणीला त्या आतल्या खोलीत आल्या. मी आधीच तयारीत होतो: नवी पेन्सिल, टोक काढलेली, फूटपट्टी, खोडरबर. सगळं त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी त्यातलं काहीही घेतलं नाही.

"दिवा घालव," त्या म्हणाल्या. "तुझ्या मोबाइलची बॅटरी लाव. समोरून नको रे, शाण्या. भिंतीला चिकटव. अशी, बाजूने, आडवी."

मी मोबाइल भिंतीच्या कडेला आडवा टेकवला. उजेड भिंतीवरून घसरत गेला, आणि ठिपके उठून उभे राहिले. सगळे. मधोमध एकोणीस ते दहा, वरच्या अंगाला आखाजीचा झोका, खालच्या कोपऱ्यात भुलाबाई. अक्का पेन्सिल अशी दाबून टेकवत की प्रत्येक ठिपक्याला मोहरीएवढा खळगा; माझा पाणचट डिस्टेंपर त्या खळग्यांवरून नुसता वाहून गेला होता. आणि प्रत्येक खळग्यात आता चिमूटभर सावली बसली होती.

"बठ्ठा टिपका दिखतस," अक्का म्हणाल्या.

मी दाराकडे पाहिलं. नाना पाइप मांडीवर घेऊन त्यातली धूळ फुंकत होते. पाइपात धूळ नव्हती.

"नाना," मी म्हणालो, "तुम्हाला माहीत होतं?"

नाना फुंकतच राहिले.

"अरे, केसाएवढा चरा हाताने ओळखणारा माणूस," अक्का म्हणाल्या. "दोनदा हात फिरवला म्हणालास तेव्हाच मला कळलं. पहिला बघायला, दुसरा विचार करायला."

"मग मला धुळ्याला कशाला पिटाळलं? एक फोन केला असता!"

"कोणी करायचा? यांनी? का मी?" अक्कांनी दोऱ्याचं रीळ उचललं, टोक मोकळं केलं आणि माझा अंगठा धरून मधल्या ठिपक्यावर दाबला. "दोघंही शहाणी होतो, म्हणून तर सहा महिने गेले. घरात एक येडा पाहिजे होता, तो वरच्या खोलीत निघाला. धर आता दोरा, आणि दुसऱ्या कशाला हात लावू नको."